तेवीस मिनिटांची शिस्त: डिझेल घोटाळा आणि महागड्या एसयूव्हींचे मालक



मागच्या भागात आपण दुसऱ्या महायुद्धातल्या गाड्यांबद्दल बोललो. त्यात फोक्सवागनची गोष्ट आली होती. १९४५ साली वोल्फ्सबुर्गचा मोडकळीला आलेला कारखाना ब्रिटिश फौजेतल्या मेजर आयव्हन हर्स्ट या अधिकाऱ्याने पुन्हा सुरू केला आणि ब्रिटिश लष्कराने तिथे वीस हजार गाड्यांची मागणी नोंदवली. तो भाग ऐकून इंदूरहून एका गृहस्थांचा फोन आला. मूळचे वाईचे, पण तीन पिढ्या माळव्यात. म्हणाले, "कर्नलसाहेब, त्या जर्मन मंडळींचं तुम्ही फार कौतुक केलंत. माझ्या दारात त्याच घराण्यातली तीन लिटरची डिझेल एसयूव्ही उभी आहे. त्यांचा घोटाळा बाहेर आला, तेव्हा न्यू जर्सीतल्या माझ्या मेहुण्याला कंपनीकडून चेक आला. मला साधं पत्रसुद्धा आलं नाही. असं का?"

मी म्हटलं, "याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. एक अख्खा भाग घ्यावा लागेल." तो हा भाग.

चढाला घाला, मग कळंल

सुरुवात माझ्या नोकरीतल्या एका आठवणीने करतो, कारण सगळ्या घोटाळ्याचं मर्म तिच्यात आहे.

माझी नोकरी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे गाड्यांच्या ताफ्यांमध्ये गेली. कोवळा लेफ्टनंट होतो. वार्षिक तपासणी जवळ आली होती. गाड्या धुतल्या, टायरांना काळा रंग दिला, इंजिनं अशी पुसली की त्यात तोंड दिसावं. तपासणी करणारे साहेब आले, गाड्या उभ्या जागी सुरू करून पाहिल्या, शेरा छान मिळाला. मी खुशीत होतो. आमचा हवालदार मेकॅनिक साताऱ्याकडचा. तो शांतपणे म्हणाला, "सायेब, शेडमधी समद्या गाड्या गुणाच्याच असत्यात. चढाला घाला, मग कळंल."

पुढच्याच महिन्यात झोजीला चढताना त्या गुणाच्या गाड्यांपैकी तीन वाटेत बसल्या.

तपासणी शेडमध्ये होते आणि गाडी चालते रस्त्यावर. या दोहोंमधल्या अंतरात एका बलाढ्य कंपनीने कसा डाव मांडला, तो कोणी उघड केला आणि त्याची किंमत गाडीमालकांनी कुठे, किती मोजली, हे आज पाहायचं आहे.

आउग्सबुर्ग ते जबलपूर

डिझेल हे इंधनाचं नाव होण्याआधी एका माणसाचं आडनाव होतं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आउग्सबुर्ग शहरातल्या कारखान्यात आपलं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबतात की ती तापूनच इंधन पेट घेतं. त्यामुळे कमी इंधनात जास्त ताकद मिळते. आउग्सबुर्गच्या त्या कारखान्यातूनच पुढे एमएएन ही कंपनी घडली. तिच्याच परवान्याने १९५९ पासून जबलपूरला आपला 'शक्तिमान' ट्रक बनू लागला. म्हणजे झोजीलाच्या चढावर मी ज्याच्याशी झटापट करत होतो, ते इंजिन वंशावळीने थेट डिझेलसाहेबांचंच.

या इंजिनाची एक जन्मजात खोड आहे. दाब आणि उष्णता जास्त, म्हणून हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. ते कमी करायला उष्णता उतरवावी, तर धूर वाढतो आणि मायलेज घसरतं. धूर आणि मायलेज सांभाळावं, तर हे ऑक्साइड वाढतात. अंथरूण एका बाजूला ओढलं की दुसरी बाजू उघडी पडते.

हे वायू डोळ्यांना दिसत नाहीत, पण फुप्फुसांना कळतात. दमा असलेल्यांना त्यांचा त्रास होतो आणि उन्हात त्यांच्यापासून ओझोन तयार होतो. लॉस एंजेलिसमध्ये १९४० च्या दशकात धुरक्याने लोकांचे डोळे चुरचुरू लागले. एरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने त्याचं मूळ गाड्यांच्या धुरात आणि तेलाच्या वाफांत शोधलं. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ नेमलं, त्याचे पहिले अध्यक्ष हेच हागेन-स्मिट. १९७० मध्ये अमेरिकेचा हवा स्वच्छतेचा कडक कायदा आला. मंडळी, हा कायदा लक्षात ठेवा. न्यू जर्सीच्या चेकची मुळं इथे आहेत.

कायदा आला तशा पळवाटाही आल्या. चाचणीत प्रदूषण रोखणारी आणि एरवी ती रोख ढिली करणारी जी यंत्रणा असते, तिला त्या कायद्याच्या भाषेत 'डिफीट डिव्हाइस' म्हणतात. सैनिकाच्या कानाला हा शब्द गमतीचा वाटतो, कारण यात पराभव नियमाचा होतो. १९७० च्या दशकातच अशा एका प्रकरणात फोक्सवागनने १ लाख २० हजार डॉलर भरून तडजोड केली होती. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रकची डिझेल इंजिनं बनवणाऱ्या सात बड्या कंपन्या याच आरोपात सापडल्या आणि तडजोडीचा एकूण खर्च एक अब्ज डॉलरच्या वर गेला. तेव्हा २०१५ मध्ये "असं कधी ऐकलंच नव्हतं" म्हणायला कोणालाही जागा नव्हती.

ताकद हवी आणि पुण्यही हवं

आता एसयूव्हींकडे येऊ. फोक्सवागनची टुआरेग आणि पोर्शेची कायेन या २००२ मध्ये एकाच सांगाड्यावर जन्मलेल्या बहिणी. मागून ऑडीची क्यू७ आली. ताकदीचं प्रदर्शन तर असं की २००६ मध्ये डिझेल टुआरेगने बोइंग ७४७ विमान ओढून दाखवलं.

अमेरिकेत अशा गाडीचा गिऱ्हाईक कोण? ज्याला घोड्यांचा ट्रेलर किंवा होडी ओढायची आहे, मुलांना घेऊन डोंगरात जायचं आहे, पण पेट्रोलच्या मोठ्या इंजिनाची खादाडी नको आहे. तीन लिटरचं व्ही६ डिझेल त्याला ५५० न्यूटन-मीटर टॉर्क देत होतं आणि साडेतीन टन ओढत होतं. वर कंपनी सांगत होती की हे 'स्वच्छ डिझेल' आहे. नियम तर फार कडक. अमेरिकेत नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा मैलाला ०.०७ ग्रॅम, म्हणजे किलोमीटरला साधारण ०.०४३ ग्रॅम. तेव्हाच्या आपल्या बीएस-४ मध्ये डिझेल मोटारीला ०.२५ ग्रॅमची मुभा होती. जवळजवळ सहा पट.

ही मर्यादा पाळायला मोठ्या गाड्यांत युरियाचं पाणी वापरतात. आपल्याकडे युरिया म्हटलं की खताचं पोतं आठवतं, पण त्याच युरियाचं शुद्ध द्रावण धुरात फवारलं की घातक ऑक्साइडचं रूपांतर साध्या नायट्रोजनमध्ये आणि पाण्यात होतं. उपाय चांगला आहे, पण द्रावण भरपूर लागतं. टाकी मोठी करावी, तर गाडीतली जागा जाते. लहान ठेवावी, तर गिऱ्हाइकाला सर्व्हिसिंगच्या आधीच ती भरून घ्यावी लागते. लाखो रुपयांची गाडी घेणाऱ्याला अशी कटकट सांगायची कोणी?

मग सोपा मार्ग काढला. चाचणीत फवारा पुरेसा सोडायचा आणि रस्त्यावर आखडता.

गाडीला कसं कळायचं की चाचणी चालू आहे? प्रयोगशाळेत गाडी रोलरवर उभी असते. चाकं फिरतात, पण स्टिअरिंग फिरत नाही. वेग ठरलेल्या तक्त्याप्रमाणे कमीजास्त होतो. संगणकाला एवढं पुरतं. तीन लिटरच्या इंजिनांबाबत अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, आपल्या नोटिशीत एक बारकावा नोंदवला आहे. त्या चाचणीचे सुरुवातीचे टप्पे १,३७० सेकंदांचे, म्हणजे साधारण तेवीस मिनिटांचे. तेवढा वेळ इंजिन शिस्तीत. ती वेळ संपून एक सेकंद झाला की शिस्त संपली. हे वाचताना मला आमची तपासणी आठवली. साहेबांची जीप गेटबाहेर पडली की जवान पट्टे सैल करायचे, अगदी तसं.

चढाला घालणारे विद्यार्थी

हे उघडकीला कोणी आणलं? गुप्तहेराने नाही आणि पोलिसांनीही नाही. स्वच्छ वाहतुकीवर काम करणाऱ्या आयसीसीटी या संस्थेला असं दाखवायचं होतं की अमेरिकेत डिझेल गाड्या खरोखर स्वच्छ आहेत, तेव्हा युरोपनेही तसं करावं. चाचणीचं काम वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाला मिळालं. डॅन कार्डर यांच्या हाताखाली जी तरुण मंडळी राबली, त्यांत अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे दोन भारतीय होते. गाडीच्या मागच्या भागात मोजणीची यंत्रं आणि जनरेटर ठेवून ही मुलं कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर फिरली. एक गाडी तर लॉस एंजेलिसहून सिअ‍ॅटलला नेऊन परत आणली, जवळजवळ चार हजार किलोमीटर.

आमच्या हवालदाराने सांगितलं होतं, तेच त्यांनी केलं. गाडी चढाला घातली.

तीन गाड्या होत्या. फोक्सवागन जेट्टा मर्यादेच्या १५ ते ३५ पट ओकत होती, पसाट ५ ते २० पट. तिसरी गाडी बीएमडब्ल्यूची एक्स५, तिघींत सगळ्यात मोठी आणि महाग, म्हणजे आपल्या आजच्या विषयातली. ती बहुतेक ठिकाणी नियमात बसली. मंडळी, याचा अर्थ मोठा आहे. मोठी डिझेल एसयूव्ही स्वच्छ बनवणं अशक्य नव्हतं. खर्च आणि कटकट सोसायची तयारी असती, तर ते होत होतं.

मे २०१४ मध्ये अहवाल आला. कंपनीने वर्षभर तांत्रिक सबबी सांगितल्या. ३ सप्टेंबर २०१५ ला ईपीएसमोर कबुली दिली आणि १८ सप्टेंबरला ईपीएने दोन लिटरच्या ४ लाख ८२ हजार गाड्यांबद्दल नोटीस काढली. पाच दिवसांत कंपनीचे प्रमुख मार्टिन विंटरकोर्न पायउतार झाले.

महागड्या एसयूव्हींचे मालक मात्र अजून निर्धास्त होते. त्यांना वाटत होतं, ही भानगड छोट्या गाड्यांची आहे. २ नोव्हेंबरला दुसरी नोटीस आली. तिच्यात टुआरेग, कायेन आणि ऑडीच्या क्यू५सारख्या गाड्या होत्या, आरोप मर्यादेच्या नऊ पटींपर्यंत प्रदूषणाचा. कंपनीने आधी हात झटकले. तीन आठवड्यांच्या आत मान्य केलं की २००९ पासूनची तीन लिटरची सगळी डिझेल इंजिनं या प्रकारात येतात. अमेरिकेत अशा गाड्या ऐंशी हजारांच्या वर होत्या.

एकच इंजिन, तीन देश

आता मालकांचं काय झालं ते पाहू.

अमेरिकेतल्या मालकाची पहिली कोंडी विचित्र होती. गाडी उत्तम चालत होती, एकही दिवा पेटत नव्हता. पण ती विकायला गेलं की समोरचा नाक मुरडायचा. नव्या गाड्यांची विक्री थांबलेली, दुरुस्ती काय करणार ते ठरलेलं नाही, आणि दुरुस्ती झाली तर ट्रेलर ओढायची ताकद राहील का, ही धास्ती. पर्यावरणाची काळजी म्हणून डिझेल घेतलेल्या माणसाला शेजारी विचारायचे, "हीच का ती?" फसवला गेलेला तो आणि धूर सोडणाराही तोच. दोन लिटरवाल्यांची तडजोड जून २०१६ मध्ये ठरली, १४.७ अब्ज डॉलरची. तीन लिटरवाले डिसेंबरपर्यंत ताटकळत बसले.

मग सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात न्यायमूर्ती चार्ल्स ब्रेयर यांच्यासमोर त्यांचाही तोडगा निघाला. २००९ ते २०१२ च्या सुमारे वीस हजार टुआरेग आणि क्यू७ पूर्णपणे सुधारता येण्याजोग्या नव्हत्या, म्हणून कंपनीने त्या विकत घ्यायच्या आणि वर नुकसानभरपाई द्यायची. नंतरच्या साठेक हजार गाड्या दुरुस्त करायच्या आणि प्रत्येक मालकाला साधारण ७ हजार ते १६ हजार डॉलर द्यायचे. तेव्हाच्या दराने साडेचार ते साडेदहा लाख रुपये. दुरुस्तीने गाडीची ताकद घटली तर आणखी ५०० डॉलर. इंजिनाचा संगणक पुरवणाऱ्या बॉश कंपनीनेही तीन लिटरवाल्यांना १,५०० डॉलरपर्यंत दिले. दुरुस्ती वेळेत जमली नसती, तर कंपनीचा या एसयूव्हींपोटीचा खर्च चार अब्ज डॉलरवर गेला असता. ही टांगती तलवार न्यायालयाने मुद्दाम ठेवली होती.

इंदूरच्या गृहस्थांच्या मेहुण्याला चेक आला तो असा. कंपनीच्या चांगुलपणामुळे तो मिळाला नाही. १९७० चा कायदा, हजारो मालकांना एकत्र दावा लावू देणारी पद्धत आणि आरोपीला तारखा वाढवू न देणारा न्यायाधीश, या तिघांनी तो काढायला लावला. विकत घेतलेल्या गाड्या इतक्या साचल्या की कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या विमानतळावर आणि मिशिगनमधल्या एका बंद स्टेडियमच्या आवारात त्यांच्या रांगा लावाव्या लागल्या.

दुसरा देश जर्मनी, गाडीचं माहेर. तिथल्या मालकाला वाटलं असेल, घरच्या माणसाला आधी न्याय मिळेल. झालं उलटं. जुलै २०१७ मध्ये सरकारने तीन लिटरच्या डिझेल कायेनची नवी नोंदणी थांबवली आणि रस्त्यावरच्या गाड्या परत बोलावल्या. डिसेंबरात टुआरेगची पाळी आली. मालकाला मिळालं काय? नवं सॉफ्टवेअर, तेही सक्तीने. परत बोलावलेली गाडी अपडेट करून घेतली नाही, तर नोंदणी जाण्याची भीती. चूक कंपनीची आणि बडगा मालकावर. हजारोंच्या वतीने एकत्र दावा लावण्याची सोय तिथे नव्हती, ती या घोटाळ्यानंतर २०१८ मध्ये आली. पोर्शेचं मुख्यालय असलेल्या श्टुटगार्ट शहरात २०१९ पासून जुन्या डिझेल गाड्यांना बंदी झाली. गाडीच्या जन्मगावातच डिझेलला दार बंद होऊ लागलं.

२५ मे २०२० ला तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला की फसवलेला मालक गाडी परत करून पैसे मागू शकतो, मात्र जेवढे किलोमीटर फिरला तेवढी रक्कम वजा होईल. म्हणजे जो पाच वर्षं कोर्टात लढला आणि पोटासाठी गाडीही चालवत राहिला, त्याची भरपाई दर किलोमीटरला झिजत गेली. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक वाट उघडली, किमतीच्या ५ ते १५ टक्के भरपाईची. ऑडीचे माजी प्रमुख रूपर्ट श्टाडलर यांना त्याच वर्षी शिक्षा झाली. तीही स्थगित कारावासाची आणि ११ लाख युरो भरण्याची.

हा रोग एकाच घराण्याचा नव्हता, हेही सांगायला हवं. जीप ग्रँड चेरोकीच्या डिझेल गाड्यांवरून फियाट क्रायस्लरने २०१९ मध्ये अमेरिकेत सुमारे ८० कोटी डॉलरची तडजोड केली. मर्सिडीजच्या मालक कंपनीने २०२० मध्ये अमेरिकी सरकारशी दीड अब्ज डॉलरची तडजोड केली. मालकांचे दावे वेगळे.

आणि आपण

तिसरा देश आपला.

आपल्याकडे महागड्या डिझेल एसयूव्ही फोफावल्या त्याचं एक कारण पर्यावरणाशी संबंधित नव्हतंच. ऑक्टोबर २०१४ पर्यंत डिझेलचा दर सरकार ठरवायचं, शेतकऱ्यासाठी आणि एसटीसाठी तो पेट्रोलपेक्षा बराच खाली ठेवायचं. ट्रॅक्टरच्या नावाने स्वस्त ठेवलेलं डिझेल साठ लाखांच्या गाडीतही त्याच भावाने पडत होतं.

चाचणीतली लबाडीही आपल्याला नवी नव्हती. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने १ लाख १४ हजार टवेरा गाड्या परत बोलावल्या. शिर्डीला किंवा तिरुपतीला भाड्याने जाताना आपण सगळे जिच्यात बसलोय, ती टवेरा. सरकारी चाचण्यांच्या वेळी कर्मचाऱ्यांनी गैरप्रकार केल्याचं कंपनीनेच कळवलं होतं. वोल्फ्सबुर्गच्या दोन वर्षं आधी ही धोक्याची घंटा आपल्या अंगणात वाजली होती.

२०१५ च्या शेवटी पुण्याच्या एआरएआयने फोक्सवागन समूहाच्या गाड्या तपासल्या. रस्त्यावरचं प्रदूषण बीएस-४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघालं. डिसेंबरात कंपनीने ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावत असल्याचं जाहीर केलं. त्यांत फोक्सवागन १,९८,५००, स्कोडा ८८,७०० आणि ऑडी ३६,५००. सॉफ्टवेअर फुकट बदलून देणार, एवढंच. हे ऐच्छिक होतं, कारण सक्तीने गाड्या परत बोलवायला लावणारा कायदाच आपल्याकडे तेव्हा नव्हता. कंपनीचं म्हणणं सरळ होतं: भारताचे नियम प्रयोगशाळेपुरते आहेत, रस्त्यावरच्या प्रदूषणाचा नियम तुमच्याकडे नाही, तेव्हा आम्ही काही मोडलेलं नाही. कडू असलं तरी त्यांच्या बाजूने ते मुद्द्याचं होतं. आपली परीक्षा फक्त शेडमधली होती.

आणि इंदूरकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. त्या यादीत १.२ ते २ लिटरची इंजिनं होती. तुमचं तीन लिटरचं इंजिन यादीतच नव्हतं. म्हणून पत्र आलं नाही.

पुढे दिल्लीतल्या एका शिक्षिकेसह काही नागरिक हरित लवादाकडे गेले. लवादाने ७ मार्च २०१९ ला कंपनीला ५०० कोटींचा दंड ठोठावला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने वसुलीसाठी सक्तीची कारवाई थांबवली. यातली एक गोष्ट नीट ऐका. हा दंड हवेच्या हानीसाठी होता, गाडीमालकाला त्यातून एक पैसाही मिळायचा नव्हता. ऑडी घेतलेल्या एका ग्राहकाने नोएडात फसवणुकीची फिर्याद दिली. ती रद्द करायला सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये नकार दिला. पण तो एकट्याने लढलेला माणूस. अमेरिकेसारखी फौज त्याच्यामागे नव्हती.

उलट आपल्याकडे मोठ्या डिझेलच्या मालकावर आणि विक्रेत्यावर आघात आला तो दुसऱ्या दिशेने. १६ डिसेंबर २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि परिसरात २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणीच थांबवली. आठ महिन्यांनी ती उठली, एक टक्का पर्यावरण कर भरायच्या अटीवर. मधल्या काळात महिंद्राने १.९९ लिटरचं इंजिन बसवून वाट काढली. शिवाय राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मज्जाव करणारा हरित लवादाचा २०१५ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केला. त्यावरून पुढेही बरीच ओढाताण झाली.

या बंदीची झळ मी जवळून पाहिली. नोएडातल्या आमच्या सोसायटीत माझ्याच तुकडीतला एक मित्र राहतो. निवृत्तीच्या पैशातून त्याने एक जर्मन डिझेल एसयूव्ही घेतली होती, आयुष्यातली एकमेव चैन. कंपनीचं नाव सांगत नाही. आठ वर्षांत गाडी जेमतेम पन्नास हजार किलोमीटर चालली. दहा वर्षं भरत आली तशी ती त्याने मातीमोल भावाने दुसऱ्या राज्यातल्या दलालाला दिली. मला म्हणाला, "यार, माझ्या गाडीने नियम मोडला की नाही, हे कुणी एकदाही तपासलं नाही. फक्त तिची जन्मतारीख पाहिली." मी त्याला समजावायला गेलो, पण सांगण्यासारखं काही सापडलं नाही. त्याच महिन्यात त्याच्या नातवाला श्वासासाठी नेब्युलायझर लावला होता. त्यामुळे बंदी चूक आहे असंही त्याला म्हणवत नव्हतं.

शेवटी

काही बदललं का? बदललं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सदोष गाड्या परत बोलवायला लावण्याचा अधिकार सरकारला मिळाला. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याच्या दुसऱ्या टप्प्यात गाडीचं प्रदूषण प्रत्यक्ष रस्त्यावर मोजणं बंधनकारक झालं. वेस्ट व्हर्जिनियाच्या मुलांनी केलं, ते आता नियमात आलं आहे. पोर्शेने २०१८ मध्येच डिझेल सोडत असल्याचं जाहीर केलं. फोक्सवागनचा या प्रकरणातला खर्च तीस अब्ज युरोंच्या पलीकडे गेला. युरियाची मोठी टाकी त्याहून नक्कीच स्वस्त पडली असती.

तुमच्यापैकी कोणाकडे अशी गाडी असेल, तर माझं सांगणं साधं आहे. सॉफ्टवेअर बदललं असेल तर त्याची लेखी नोंद मागून घ्या आणि सर्व्हिस बुकात लावा. युरियाची टाकी असेल तर ती प्रामाणिकपणे भरा. ती यंत्रणा बंद करून देणारे मेकॅनिक गावोगाव भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. कंपनीने केलं तेच आपण चार पैशांसाठी केलं, तर कंपनीला नावं ठेवायला तोंड राहत नाही.

परवा इंदूरकरांना फोन करून हे सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे कर्नलसाहेब, माझी फसवणूक झाली की नाही?" मी म्हटलं, "तुमच्या मेहुण्याच्या गाडीचं उत्तर न्यायालयाच्या कागदात आहे. तुमच्या गाडीचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्याकडे शेडमधला दाखला आहे, चढावरचा नाही."

मालकाकडे निदान आरसी बुक असतं, बिल असतं, भांडायला एक कागद असतो. गाडीच्या मागे स्कूटरवर बसून तो धूर ओढणाऱ्या माणसाकडे काहीच नसतं. तीन देशांतल्या या सगळ्या तडजोडींत त्याच्या नावाचा चेक कुठेच निघाला नाही. पुढच्या वेळी सिग्नलला थांबाल, तेव्हा एकदा आरशात मागे पाहा.

जय हिंद.